पहिल्या राशीचा खडा

माझी धाकटी नणंद चांगुणा हिचं लग्न ज्या मार्गशीर्षात झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. हळदीच्या दिवशी सकाळी कासार आमच्या ओटीवर बसला होता आणि त्याच्यासमोर माझी मंजुळा हात पुढे करून बसली होती. नऊ वर्षांची होती. करवली म्हणून तिला नवा हिरवा फ्रॉक शिवला होता, दोन खिशांचा. कासाराने तिच्या मापाची बांगडी काढली, तळहात दाबला, पण बांगडी अंगठ्याखाली उतरेना. त्याने एक माप वाढवलं. तेही अडलं.

"वहिनी, पोरीला खायला काय घालता?" तो मला म्हणाला. "गणपतीत हिला याच्याहून दोन मापं लहान बांगडी भरलेली मी."

ओटीवरच्या बाया हसल्या. लग्नाची गाणी म्हणायला आलेली धवलारीण पान चघळत म्हणाली, "आईस काठी, बापूस काठी, पोर बघा कशी लोन्याची." मीही हसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मंजुळाच्या आधीची माझी दोन मुलं महिन्याच्या आत गेली होती. पोर अंगाने भरली असं चार बायांनी म्हणावं, याहून मला वेगळं काही नको होतं.

संध्याकाळी तिच्या पायातले पैंजण काढताना मांस त्यांच्याभोवती वर आलेलं दिसलं. मी घोट्याजवळ अंगठा दाबला, तर पिठात दाबावा तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. माझे सासरे जोमामामा शेजारी विडी ओढत बसले होते. त्यांनी विडी खाली ठेवली, स्वतःचं बोट दाबून पाहिलं, खळगा भरायला किती वेळ लागतो ते बघत राहिले. साठ वर्षं त्यांनी खाडीच्या चिखलात काढली होती. चिखलात पाणी किती आहे ते त्यांना बोटाने कळायचं. 

वरात गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाचे डोळे सुजून मिटले. उरणच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मुंबईची चिठ्ठी दिली. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच धरून आम्ही निघालो. मी, माझे मालक आणि ती. तिने हट्टाने करवलीचा फ्रॉक घातला होता. पाठीचे हूक लागत नव्हते, म्हणून वरून माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी ओढणीसारखी गुंडाळली.

मोठ्या सरकारी इस्पितळात मुलांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. देवधर म्हणून एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. अंगातलं सत्त्व मूत्रपिंडातून गळून लघवीवाटे जातंय, म्हणून अंगात पाणी साठतंय. औषधाने बरी होईल, पण दोन-तीन महिने लागतील. आणि मीठ बंद. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं की आम्ही काय काम करतो.

"मिठागरावर असतो," मी म्हणाले.

त्यांनी लिहायचं थांबवलं. "मग तुम्हाला दोनदा सांगतो. एक खडासुद्धा नाही."

आमच्या घरात मीठ कुठे नसतं? दाराच्या आड पोतं, ओट्यावर मिठाचं मडकं, पुरुषांच्या पायांच्या भेगांत, बायांच्या पदरात. उन्हाळ्यात आमच्या पोरांचे गाल चाटले तर खारट लागतात. अशा घरातल्या पोरीपुढे वॉर्डात अळणी डाळ आणि अळणी भाकरी आली. पहिले तीन दिवस तिने ताट ढकललं. रडली, मला बोचकारलं. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "तू काय जेवतेस?" मी तिच्याच ताटातला घास उचलून तोंडात टाकला आणि गिळला. तेव्हापासून मीही अळणीच जेवायला लागले. आठ दिवसांत ती माझ्याहून कडक झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने प्रेमाने चुरमुरे दिले, तर हिने आधी हुंगले, मग परत केले. "यात मीठ हाय मावशी. मना चालत नाय," असं जरा मोठेपणाने सांगायची.

वॉर्डात वसईकडच्या एक सिस्टर होत्या, डिमेलो नावाच्या. तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. रोज सकाळी त्या काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवायच्या. आजार असेल तर नळीत पांढरं दाटून येई, दूध नासावं तसं. मंजुळाला त्यांनी पहिल्या आठवड्यातच सोबत न्यायला सुरुवात केली, कारण ती एकटी बसली की रडायची. तिने त्या पांढऱ्याला ढग नाव दिलं. परत आली की शाळेची पाटी घेऊन त्या दिवसाचा ढग काढायची. पहिले काही दिवस पाटीभर ढग असे. मग अर्धी पाटी. माघ संपता संपता लिंबाएवढा झाला. हातापायांची सूज उतरली, गालांची हाडं दिसायला लागली. पोर पुन्हा काठी झाली आणि मी त्यावर देवाचे आभार मानले.

फाल्गुन लागला त्या दिवशी देवधर डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर होळीला घरी पाठवू. मंजुळाने विचारलं, "मग मना मीठ?" ते म्हणाले, ते मी सांगेन तेव्हा. तिने मान हलवली, जणू तिला हाच जबाब पाहिजे होता.

आता आमच्या आगरातली एक रीत सांगायला हवी. वाफ्यांत खाडीचं पाणी घेतात, उन्हाने ते आटतं, आणि एके दिवशी तळाशी मीठ बसतं. हंगामाचं पहिलं मीठ ओढून बांधावर रास केली की ती लगेच उचलत नाहीत. घरातल्या लहान पोराला आणतात. त्याच्या हातावर राशीतला एक मोठा खडा ठेवतात. मग घरातला जाणता माणूस हात जोडून, डोळे मिटून खाडीकडे तोंड करून उभा राहतो. पोराने खडा तोंडात टाकायचा, चोखायचा आणि म्हणायचं, "आयलं." म्हणजे मीठ आलं. ते ऐकल्याशिवाय जाणत्याने डोळे उघडायचे नाहीत आणि ते ऐकल्याशिवाय राशीला कुणी टोपली लावायची नाही. आमच्या घरात मंजुळा तीन वर्षांची असल्यापासून हे करत होती. इतर पोरं तोंड वाकडं करत. ही डोळे मोठे करून, सावकाश चोखून, सगळ्यांना ताटकळत ठेवून बोलायची. माणसं हसायची. मामा मात्र डोळे मिटून तसेच उभे असायचे.

फाल्गुनातल्या एका दुपारी, चारला भेटीची वेळ सुरू झाली तेव्हा मामा वॉर्डाच्या दारात दिसले. दोन महिन्यांत ते एकदाही आले नव्हते. माझे मालक रविवारी यायचे, निरोप आणायचे. मामांना मुंबईची धास्ती होती. ते अनवाणी होते, धुतलेलं धोतर, डोक्याला फडकं. चकचकीत फरशीवर पाय कसा टाकावा ते न कळून भिंतीच्या कडेने चालत आले. मंजुळा खाटेवर उभी राहिली. ते बघतच राहिले तिच्याकडे.

"सुकलीस गो," ते म्हणाले.

"पानी उतरलं आजा. ढग पन लहान झाला." तिने त्यांना पाटी दाखवली. त्यांना त्यातलं काही समजलं नाही, पण त्यांनी पाटी दोन्ही हातांत धरून पाहिली.

मग ती त्यांना आगराचं विचारत बसली. कुठला बांध फुटला, कोण कामाला आलं, आमचा कुत्रा अजून खेकड्यांच्या मागे धावतो का. त्या वर्षी थंडी लांबली होती, त्यामुळे मीठ उशिरा बसलं असं ते सांगत होते.

"रास केली?" तिने विचारलं.

"केली. आठ दिवस झाले. उचलली नाय."

"का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं की आगराच्या मालकाचा माणूस दोनदा येऊन गेला. ट्रक फुकट परत गेले. गडी कुरकुरतायत. कुणी म्हणालं, भाऊबंदातल्या कुणाचं पोर उभं करा आणि मोकळे व्हा. कुणी तोंडावर म्हणालं, म्हातारा नातीसाठी आमच्या पोटावर पाय देतोय.  बोलता बोलता त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं. त्याच्या टोकाला गाठ होती. ती त्यांनी दातांनी सोडवली आणि आतला खडा हातावर घेतला. सुपारीच्या खांडाएवढा होता, चौकोनी, आरपार दिसणारा. एवढा स्वच्छ खडा हजारात एखादा निघतो. तो त्यांनी शोधून काढला असणार.

मी उठून त्यांच्या आणि खाटेच्या मध्ये आले. हळू आवाजात म्हणाले, "मामा, डॉक्टरांनी सांगितलंय. एक खडासुद्धा नाही."

"ठावं हाय."

"मग?"

 मामा कधी फार बोलत नसत. त्या दिवशी बोलले, आणि मला वाटतं लाँचमध्ये ते हेच मनात घोळवत आले असावेत.

"पदे, मी साठ वर्सं बघतोय. वाफ्यात मीठ बसलं की पानी जातं. मीठ नाय बसलं तर पानी तसंच ऱ्हातं, हिरवं होतं, कुजतं. हिच्या अंगात पानी भरलं, आन तुम्ही मीठच बंद केलंत. ते सायब हुशार असतील. पन त्यांनी वाफा बघितलाय का कदी?"

शहरातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. मला आलं नाही. मी पण वाफ्यातच वाढले होते. माझ्या बापाच्या आगरात, मग नवऱ्याच्या आगरात मी तेच पाहिलं होतं. पाणी जातं आणि मीठ राहतं. डॉक्टरांचं बोलणं मी दोन महिने पाळलं, पण ते मला पाठ होतं तेवढंच. मामांचं बोलणं मला समजलं.

"आन ती म्हनल्याशिवाय मी रास उचलनार नाय," ते म्हणाले. हट्टाने नाही. मला वाटतं त्यांना भीती वाटत होती. रास तिच्याशिवाय उचलली, तर ती परत येणार नाही असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं. ते शब्दांत त्यांनी कधी आणलं नाही.

मंजुळा आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. खाटेखालचा तांब्या मी उचलला.

"पाणी घेऊन येते," मी म्हणाले.

नळ वॉर्डाच्या टोकाला, जिन्याजवळ होता. मी तिथे गेले आणि उभी राहिले. एक बाई लंगोट धूत होती, तिने बाजूला होऊन मला जागा दिली. मी म्हणाले, तुमचं होऊ द्या. तिचं झालं. मग आणखी एक आली, तिलाही मी पुढे जाऊ दिलं. केव्हा परत जावं ते मला कळत नव्हतं. शेवटी मी निघाले.

दारातून मला मामांची पाठ दिसली. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, हात जोडलेले. त्या खिडकीतून खाडी दिसत नव्हती, समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. मंजुळा खाटेवर मांडी घालून बसली होती. तिचा उजवा गाल फुगला होता. नेहमीसारखी डोळे मोठे करून, सावकाश. तिने मला पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"आयलं," ती म्हणाली.

मामांनी डोळे उघडले. वळून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगलं हाय आजा. उद्या उचला."

ते लाँच चुकेल म्हणून लगेच निघाले. जाताना फरशीच्या मधून चालत गेले.

मी तिला म्हणाले, चूळ भर. तिने मुकाट्याने भरली. तोंड उघड असं मी म्हणाले नाही. त्या रात्रीच्या जेवणात मी तिच्याकडे बघायचं टाळलं. जेवण झाल्यावर तिने बोचक्यातला करवलीचा फ्रॉक मागितला. मी म्हणाले, अंगात घालू नकोस, इस्पितळाचेच कपडे ठेव. ती म्हणाली, घालत नाय, उशाला पायजे. मला वाटलं, घरची ओढ लागली असेल. तिने फ्रॉकची घडी करून उशीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी आयाबाई चादर बदलायला आली, तर हिने फ्रॉक छातीशी धरला आणि चादर बदलून होईपर्यंत खाली ठेवला नाही.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. माझे मालक आले, रास उचलल्याचं सांगितलं, आगर कधी नव्हे एवढं पांढरं झालंय म्हणाले. ती ऐकून हसली, पण उठून बसली नाही. संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं. रात्री ताप चढला. सोमवारी सकाळी सिस्टर डिमेलो तिला न्यायला आल्या आणि तिच्या कपाळाला हात लावून तशाच डॉक्टरांकडे गेल्या. नळीत काय दिसलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पोट फुगून टणक झालं होतं. हात लावला तरी ती ओरडायची. सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली, दोन मोठे डॉक्टर येऊन गेले.

मंगळवारी दुपारी तिला थोडी शुद्ध होती. मी तिच्या ओठांना ओला बोळा लावत होते.

"आई," ती म्हणाली, "आजाला नको सांगू."

"काय गो?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय नाय."

मला वाटलं, दुखतंय ते सांगू नको म्हणते. मी म्हणाले, नाही सांगत. त्यानंतर ती काही बोलली नाही.

सगळं झाल्यावर देवधर डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. पोटात जंतू गेले, असं ते म्हणाले. या दुखण्यात अंगातली ताकदच जाते, मग जंतू आवरत नाहीत. आम्ही खूप प्रयत्न केला. त्यांचे डोळे लाल होते, दोन रात्री ते घरी गेले नव्हते. तुम्हाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मला एकच गोष्ट विचारायची होती. मी नाही म्हणाले.

मंजुळाला गावी आणलं. आमच्यात गेलेल्या माणसाचे कपडे खाडीत सोडतात. मालकांनी बोचकं मागितलं, तेव्हा मी दिलं नाही. पाटी, फ्रॉक, काचेचे दोन मणी, सगळं पत्र्याच्या पेटीत टाकून मी कुलूप लावलं आणि पेटी माळ्यावर सरकवली. 

तेराव्याला घरच्यांची पंगत बसली. मी मामांच्या पानात कालवण वाढलं. त्यांनी पान जरा पुढे सरकवलं.

"मना अळनी वाढ," ते म्हणाले.

मला वाटलं, त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं. मग सांगावं लागलं नाही. मी त्यांच्यासाठी वेगळं लहान गाडगं चुलीवर ठेवायला लागले. दिवसभर मिठात उभा असलेला माणूस घरी येऊन अळणी भात जेवायचा. गावातले लोक टिंगल करायचे, जोमा सन्यासी झाला म्हणायचे. सासूबाईंनी एकदा चोरून चिमूटभर टाकलं, तर पहिल्या घासालाच ते उठून गेले. पहिल्या राशीपाशी ते पुन्हा उभे राहिले नाहीत. ते माझ्या मालकांनी करायचं ठरलं, दिराच्या मुलाला घेऊन. मामा त्या दिवशी बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे.

असं अकरा वर्षं चाललं. ते का अळणी जेवतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. मी पण नाही. रोज दोन वेळा ते गाडगं मी चुलीवर ठेवायची आणि उतरवायची.

शेवटी ते अंथरुणाला लागले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात अडवला.

"पदे," ते म्हणाले, "त्या दिशी तू पान्याला गेलीस. तू तिथं असतीस तर मना अडवलं असतंस."

मी चमचा वाटीत ठेवला.

"म्हून सांगतोय. तुझ्यावर काय नाय त्यातलं. ते माझं हाय. तू मनात धरू नको."

त्यांचे डोळे माझ्यावर होते. मी म्हणाले, "पेज गार होते मामा." त्यांनी तोंड उघडलं आणि मी भरवली.

तांब्या भरलेला होता. त्या दिवशी मी तो खाटेखालून उचलला तेव्हा गळ्यापर्यंत भरलेला होता. नळाशी मी तो मोरीत ओतला आणि पुन्हा भरून आणला. हे मी त्यांना सांगितलं नाही. अकरा वर्षं ते एकटे अळणी जेवले आणि मी समोर बसून मीठ घातलेलं कालवण खाल्लं.

त्यांच्या पश्चात सात वर्षांनी आमच्या जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसांना शिकवायचे वर्ग निघाले. आमच्या समाजमंदिरात रात्री आठला भरायचा. शिकवायला आम्हा घरतांपैकीच एक कॉलेजातली मुलगी यायची, सुरेखा नावाची. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. पहिल्या दिवशी तिने आम्हा बायांना पाट्या आणायला सांगितल्या. कुणाकडे नातवंडांच्या होत्या. मी म्हणाले, माझ्याकडे आहे एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरची पेटी खाली काढली. उचलताना तिच्या एका कोपऱ्यातून लाल भुगा माझ्या पायांवर पडला. मी पेटी उलटी करून पाहिली. बाकीचा पत्रा धड होता, रंगसुद्धा टिकला होता. त्या एका कोपऱ्याला मात्र माझी दोन बोटं जातील एवढं भोक पडलं होतं. कडा खाल्ल्यासारख्या पातळ झाल्या होत्या.

आमच्याकडच्या माणसाला पत्रा असा कशाने खाल्ला जातो हे सांगावं लागत नाही. आमच्या खिडक्यांचे गज, आगरातल्या पंपाच्या नळ्या, वजनकाट्याची पारडी, सगळं असंच जातं. मी तिथेच जमिनीवर बसले. पेटीत कधी मीठ ठेवलं नव्हतं. कुलूप काढलं. पाटी वर होती. खाली फ्रॉक. हिरवा रंग विटला होता, आणि डाव्या खिशाचं कापड गंजाने तांबडं होऊन पत्र्याला चिकटलं होतं. मी ते हळू सोडवलं. खिसा पापडासारखा कडक झाला होता. आत बोट घातलं.

अठरा पावसाळ्यांत तो किती वेळा पाझरला असेल आणि किती उन्हाळ्यांत पुन्हा धरला असेल, देव जाणे. धारा झिजल्या होत्या, अंगावर गंजाचा थर होता. पण खडा होता. मी पदराला पुसला, तर मधून अजून आरपार दिसत होतं. मी तो जिभेला लावला. मीठच होतं.

तिने तो तोंडात टाकला नव्हता. गालात जीभ खुपसून बसली होती. डॉक्टरांचं ऐकायचं होतं आणि आजाची रास पण उचलायची होती, म्हणून नऊ वर्षांच्या पोरीने दोन्ही केलं. तिच्या आजाचे डोळे मिटलेले होते आणि मी नळावर होते. आजाला नको सांगू, ते हे होतं.

मी उठून बाहेर गेले. मामांच्या खोलीत आता दिराच्या सुनेचं शिलाई मशीन होतं. ती म्हणाली, काय पाहिजे काकी? मी म्हणाले, काही नाही.

पाटी मी वर्गाला नेली. तिच्यावरच मी पहिलं नाव लिहायला शिकले, आणि पुढे सावकाश बाकीचं. मृत्यूच्या दाखल्यावरचंही आता मला वाचता येतं. मंजुळा धर्मा घरत, वय वर्षे नऊ, दिनांक १४ मार्च १९७३ रोजी गेली. बुधवार होता, होळीला चार दिवस होते. तिचे आजोबा जोमा हशा घरत १९८४ सालच्या माघात गेले, पहिली रास पडायच्या आधी. पेटी मी उघडली ती १९९१ साली.